शर्टाच्या कॉलरवरचं लेबल कोण वाचणार? लोहमार्ग पोलीस आणि गृह विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक (लोहमार्ग), महाराष्ट्र राज्य
मा. पोलीस आयुक्त, लोहमार्ग, मुंबई
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, मंत्रालय

विषय : अनोळखी मृतदेहांचं वर्णन, डीएनए नमुने आणि हरवलेल्यांच्या नोंदींशी त्यांचा मेळ घालण्याबाबत

महोदय,

मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. कुणी रूळ ओलांडताना गाडीखाली येतं, कुणी दारातून पडतं, कुणाला खांब लागतो, कुणी फलाट आणि डब्यामधल्या फटीत सापडतं, तर कुणाला बाकावर बसल्या जागी मरण येतं. बहुतेकांच्या घरी त्याच रात्री फोन जातो. काहींच्या घरी तो कधीच जात नाही, कारण माणूस कोण हेच कळलेलं नसतं. कागदावर ते ‘अनोळखी पुरुष’ किंवा ‘अनोळखी स्त्री’ म्हणून राहतात आणि काही दिवसांनी पोलीसच त्यांचा अंत्यविधी करतात. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे, आणि अजूनही त्यांची वाट पाहणाऱ्या घरांबद्दल आहे.

मी बदलापूरला राहते. नोकरीची सगळी वर्षं याच मार्गावर गेली. आधी ओळखीच्या आणि मग ओळखीच्यांच्या ओळखीच्या कुटुंबांबरोबर रेल्वे पोलीस ठाण्यांत आणि शवागारांत जाणं झालं. तिथे जे दिसलं तेच लिहिते आहे. रुळांवरून देह उचलणारे हमाल आणि भर पावसात त्यांच्यासाठी टॉर्च धरून उभे राहणारे शिपाई यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पदरचे पैसे घालून कफन आणणारे हवालदार मी पाहिलेत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. त्यांच्या हाती दिलेला वर्णनाचा नमुना तोकडा आहे आणि तो भरून झाल्यावर पुढे काही घडत नाही, ही माझी तक्रार आहे.

काम कसं चालतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. गाडीचा मोटरमन किंवा गार्ड कळवतो, स्टेशन मास्तर मेमो देतो, पोलीस आणि हमाल स्ट्रेचर घेऊन जागेवर जातात. रुग्णालयात डॉक्टर ‘दाखल करण्यापूर्वी मृत’ असा शेरा मारतात. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. खिशात काही सापडलं नाही तर शोधपत्रिका निघते आणि सगळीकडे बिनतारी संदेश जातो. मोबाइल बहुतेक वेळा नसतोच, पोलीस पोचायच्या आधी तो कुणीतरी उचललेला असतो.

या शोधपत्रिकेतला मजकूर आपल्यापैकी अनेकांनी स्टेशनवरच्या फलकावर वाचला असेल. अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५ ते ५०, बांधा मध्यम, रंग सावळा, उंची ५ फूट ४ इंच, चेहरा उभट, नाक सरळ, केस काळे, दाढी-मिशी वाढलेली, नेसणीस निळी जीन्स पॅन्ट, अंगात चौकडीचा शर्ट. कल्याणच्या पुलावर संध्याकाळी सातला उभं राहिलं तर या वर्णनाची किती माणसं समोरून जातील, तुम्हीच सांगा. ज्या आईचा मुलगा हरवलाय, ती हे वाचून काय ओळखणार?

आमच्या इमारतीत पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या भावाची गोष्ट इथे सांगते. कुठलं ठाणं, कुठलं रुग्णालय, हे मुद्दाम लिहीत नाही. असं कुठेही होऊ शकलं असतं आणि मला एखाद्या माणसाला गोत्यात आणायचं नाही. भाऊ जालना जिल्ह्यातला, भोकरदन तालुक्यातला. कल्याणकडे सेंट्रिंगच्या कामावर होता. एका शनिवारी पगार घेऊन निघाला तो परतला नाही. ताईंनी राहत्या भागातल्या पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल केली, फोटो दिला, वय चौतीस सांगितलं. मग सरकारी रुग्णालयं पालथी घातली. तसा माणूस इथे आलेला नाही, असंच जो तो सांगत होता. रेल्वे पोलिसांकडे जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मिसिंग घेणाऱ्याने ते सुचवलं नव्हतं, आणि तो कामावर रेल्वेने जातही नव्हता.

बऱ्याच महिन्यांनी आम्ही एका रेल्वे पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी न कुरकुरता रजिस्टर काढलं. भाऊ हरवला त्याच शनिवारच्या रात्रीची एक नोंद होती, पण वय लिहिलं होतं ४५ ते ५०. उन्हातान्हात सळया वाकवणारा चौतीस वर्षांचा माणूस मरणानंतर पन्नाशीचा दिसतो, हे आपल्या अंदाजात कुठे बसतं? खाली एक ओळ होती : ‘उजव्या हातावर गोंदलेले आहे’. एवढंच. काय गोंदलंय ते नव्हतं. ताईंच्या भावाच्या उजव्या मनगटावर विंचू होता, लहानपणी जत्रेत काढलेला. फोटो फक्त चेहऱ्याचा, आणि चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नव्हता. हाताचा फोटो काढलेलाच नव्हता.

मग मुद्देमालातून कपड्यांचं गठुडं आलं. वाळून कडक झालेला चौकडीचा शर्ट ताईंनी उलगडला, कॉलर मागे दुमडली. आत टेलरचं लेबल होतं, पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्याने विणलेलं. दुकानाचं नाव, आणि त्याखाली ‘भोकरदन’. ताई मटकन खाली बसल्या.

तालुक्याचं नाव त्या शर्टावर पहिल्या रात्रीपासून होतं. ते पंचनाम्यात आलं नाही, शोधपत्रिकेत आलं नाही. आलं असतं तर भोकरदनच्या पोलीस ठाण्याला एक फोन गेला असता, तिथून शिपाई त्या टेलरकडे गेला असता, आणि देह शवागारात असतानाच आई-बहीण येऊन पोचल्या असत्या. आम्ही गेलो तोवर अंत्यविधी होऊन बरेच महिने झाले होते. डीएनएसाठी काही राखून ठेवलेलं नव्हतं. घातपाताचा संशय नाही, मग नमुना कशाला, असा रिवाज आहे.

त्यामुळे आज काय स्थिती आहे पाहा. बहिणीला खात्री आहे, पण कागदाला नाही. नुसत्या शर्टावरून मृत्यूचा दाखला मिळत नाही. दाखला नाही म्हणून सातबाऱ्यावर वारसनोंद होत नाही. बायकोला संजय गांधी निराधार योजनेत विधवा म्हणून अर्ज करता येत नाही. तो गाडीतून पडला असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख आहे. पण अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, उशीर झाला तर कारण पटवून द्यावं लागतं, आणि मुळात मेलेला माणूस आपलाच होता हे सिद्ध करावं लागतं. दुसरा मार्ग म्हणजे सात वर्षं थांबून न्यायालयाकडून त्याला मृत मानून घ्यायचं. सात वर्षांत पोरं मोठी होऊन सेंट्रिंगच्या कामावर जायला लागतात.

ही एकाच घराची गोष्ट असती तर मी जाहीर पत्र लिहिलं नसतं. दुखणं मूळ रचनेतच आहे. माणूस हरवल्याची नोंद तो राहत होता त्या भागात होते, म्हणजे शहर आयुक्तालयात किंवा जिल्हा पोलिसांकडे. देह सापडल्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे. शवागार महापालिकेचं किंवा आरोग्य खात्याचं. घर जालन्याला, आझमगडला नाहीतर कलबुर्गीला. या नोंदी एकमेकींसमोर आणून ठेवायचं काम नेमून दिलेला माणूस मला कुठल्याही ठाण्यात भेटला नाही. ते काम नातेवाइकांच्या पायांवर सोडलंय. ज्याला सुट्टी मिळते, भाड्याला पैसे आहेत, चार ठिकाणी विचारायचं धाडस आहे, त्याला त्याचा माणूस सापडतो. ज्याला यातलं काही नाही, तो घरी बसून वाट पाहतो.

गुन्हे नोंदींची सीसीटीएनएस यंत्रणा देशभर आहे आणि तिच्यात हरवलेले व अनोळखी मृत या दोन्हींची माहिती भरायची सोय आहे, हे मला माहीत आहे. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोने नागरिकांसाठी शोधायची सोयही केली आहे. दिल्ली आणि आसपासच्या राज्यांच्या पोलिसांनी झिपनेट उभं केलं, तिथे अनोळखी मृतांचे तपशील कुणालाही पाहता येतात. पण यंत्रात जे घालाल तेच बाहेर येणार. एकीकडे ‘वय ३४, उजव्या मनगटावर विंचू’ आणि दुसरीकडे ‘वय ४५ ते ५०, हातावर गोंदलेले’ असेल तर कुठलंही यंत्र त्यांची गाठ घालून देणार नाही. शिवाय ताईंनी ते शोधायचं कसं? पोळ्या आटोपून, दुसऱ्याच्या मोबाइलवर, इंग्रजी स्पेलिंगांत?

डीएनएकडे वळते. यात सगळ्यांत जास्त वेळ वाया गेला आहे. अनोळखी देहांचे आणि हरवलेल्यांच्या नातेवाइकांचे डीएनए जुळवून पाहण्याची यंत्रणा उभारावी, म्हणून लोकनीती फाउंडेशनने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. देशात दरवर्षी हजारो देह अनोळखी राहतात, हाच तिचा मुद्दा होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कायदा आणतो असं सांगितलं आणि याचिका निकाली निघाली. २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत आलं. त्यात हरवलेल्यांसाठी आणि अनोळखी मृतांसाठी स्वतंत्र नोंदसूची होती. त्याच विधेयकात आरोपींचे आणि संशयितांचे डीएनए साठवायची तरतूद होती, आणि खासगीपणाबद्दलचे आक्षेप खरे होते. जुलै २०२३ मध्ये विधेयकच मागे घेण्यात आलं. आक्षेप होते ते मुख्यतः आरोपींच्या माहितीसाठ्याबद्दल. मेलेल्या माणसाला घरी पोचवण्याचं काम त्याच गाड्याला बांधून ठेवायची काय गरज होती? आई स्वतः होऊन रक्ताचा थेंब द्यायला तयार आहे, तो फक्त अनोळखी देहांशी ताडून पाहायचा आणि माणूस सापडला की नष्ट करायचा, एवढ्यापुरते नियम राज्यालाही करता येतील असं मला वाटतं. विधी विभागाचं मत तरी घ्या.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. त्यात आपल्या डोंबिवली-पनवेलकडची तरुण मुलंही होती. देह जळून ओळखीपलीकडे गेले होते. तरी नातेवाइकांचे नमुने घेऊन, प्रयोगशाळा रात्रंदिवस चालवून, दोन-अडीच आठवड्यांत सगळ्यांची ओळख पटवली गेली. त्या शास्त्रज्ञांना मनापासून नमस्कार. तिथे प्रवाशांची यादी हाताशी होती, रुळांवरच्या देहाला यादी नसते, हा फरक मला कळतो. पण हरवलेल्यांच्या नोंदी हीच आपली यादी आहे. मिसिंग दाखल करतानाच, ठरावीक मुदतीत माणूस परतला नाही तर आई, बाप किंवा मुलाचा नमुना द्यायला त्यांना बोलावलं जावं. इकडे प्रत्येक अनोळखी देहाच्या रक्ताचा डाग खास कागदावर वाळवून किंवा एक दात काढून जपून ठेवावा. असा वाळवलेला डाग वर्षानुवर्षं टिकतो, त्याला शीतपेटी लागत नाही. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेवर आधीच खटल्यांच्या नमुन्यांचा ढीग आहे. सगळे नमुने लगेच तपासा असं म्हणतच नाही. ते घ्या आणि ठेवा. तपासणी पुढच्या वर्षी झाली तरी चालेल, पण जाळलेल्या देहाचा नमुना पुढच्या वर्षी घेता येत नाही.

आधारचा प्रश्नही प्रत्येक कुटुंब विचारतं. बोटांचे ठसे सरकारकडे आहेत, मग देहाचे ठसे घेऊन नाव का काढत नाही? आधार कायद्याच्या कलम २९ नुसार मूळ जैविक माहिती कुणालाही देता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयात २०१८ मध्ये हा विषय आला, तेव्हा आधार प्राधिकरणाने कायद्याची आणि तंत्राची अडचण सांगितली होती. पण २०२१ मध्ये नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रात काय घडलं तेही आठवा. लहानपणी हरवलेल्या, बोलता न येणाऱ्या मुलाची नवी आधार नोंदणी पुन्हापुन्हा नाकारली जात होती. त्याची आधीच नोंद आहे हे केंद्रातल्या अधिकाऱ्याने शोधून काढलं आणि मुलगा जबलपूरच्या आपल्या घरी पोचला. जिवंत माणसासाठी जुळणी होऊ शकते, तर मृतासाठी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली, फक्त नाव-पत्त्यापुरती व्हावी, अशी कायदादुरुस्ती राज्य सरकारने केंद्राकडे लेखी मागावी. ते हाती येईपर्यंत निदान आपल्या पोलिसांच्या स्वतःच्या ठसे-नोंदीत आणि केंद्राच्या नाफिस या देशभरातल्या ठशांच्या यंत्रणेत प्रत्येक अनोळखी देहाचे ठसे ताडून पाहिलेच पाहिजेत. त्या नोंदी गुन्ह्यांशी संबंधित माणसांच्या आहेत, त्यामुळे बरेच जण तिथे सापडणार नाहीत. काही जरी सापडले तरी तेवढी घरं वाट पाहण्यातून सुटतील.

अंत्यविधीबद्दल थोडं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मे २०२१ मध्ये मृतांच्या सन्मानाबद्दल सूचना काढल्या. बेघर माणसालाही धर्माप्रमाणे सन्मानाने निरोप मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच मान्य केलं आहे. माझी विनंती साधी आहे. जिथे पुरतात तिथे अकस्मात मृत्यूचा क्रमांक कोरलेला पत्रा लावा, जिथे जाळतात तिथल्या स्मशानाच्या नोंदवहीत तोच क्रमांक लिहा. ताई विचारत होत्या, नेमकं कुठे नेलं त्याला? उत्तर मिळायला रुग्णालय, पोलीस ठाणं आणि स्मशान अशा तीन ठिकाणी विचारावं लागलं.

आता तुमच्या पातळीवर, नव्या कायद्याविना आणि फार पैशांविना, लगेच करता येईल ते मागते. वर्णनाचा नमुना बदला. गोंदण असेल तर काय गोंदलंय, कुठल्या लिपीत, कुठे, हे लिहिलंच पाहिजे आणि त्याचा जवळून फोटो हवाच. शर्ट-पॅन्ट उलटी करून टेलरचं किंवा लाँड्रीचं लेबल, चप्पलचा नंबर, करदोटा, ताईत, जोडवी, टोचलेले कान, जुन्या टाक्यांच्या खुणा, दातांवरची मिश्री किंवा बसवलेली टोपी हे नोंदवा. पायात सळई किंवा प्लेट निघाली तर तिच्यावर कोरलेला क्रमांक शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना लेखी द्यावा. त्यावरून रुग्णालयापर्यंत पोचता येतं. शवविच्छेदनाच्या अहवालात असं पुष्कळ लिहिलेलं असतं, शोधपत्रिकेत ते उतरत नाही, कारण पत्रिका आधीच निघून गेलेली असते. मग दुसरी काढा. वयाचा अंदाज लिहिताना दोन्हीकडे दहा वर्षं मोकळी सोडा.

आणि प्रत्येक रेल्वे पोलीस ठाण्यात एका माणसाला फक्त हेच काम द्या. रोज सकाळी राज्यभरातल्या नव्या मिसिंग नोंदी उघडायच्या, आपल्याकडच्या अनोळखी देहांशी ताडायच्या, शंका आली की फोन उचलायचा. या कामात मुरलेले काही हवालदार तुमच्याकडे आहेत. लेबलावरून, बोलीवरून, पायातल्या चपलेवरून गाव काढणारे. त्यांची बदली झाली की त्यांचं ज्ञानही त्यांच्याबरोबर जातं. त्यांना नव्या मुलांना शिकवायला बसवा. आणि मिसिंग घेणाऱ्या शहरातल्या ठाण्यांना सक्त सूचना द्या की कुटुंबाला पहिल्याच दिवशी रेल्वे पोलिसांचा नंबर द्यायचा, हरवलेला माणूस लोकलने जात असो वा नसो.

शेवटची मागणी ताईंच्या वतीने. ते गठुडं अजून मुद्देमालात आहे. शर्टावर रक्ताचे डाग आहेत. भोकरदनला आई आहे आणि ती नमुना द्यायला यायला तयार आहे. त्याचा लेखी अर्ज क्रमांकासह आपल्या कार्यालयात वेगळा दिला आहे. मुद्देमाल निकाली काढायच्या यादीत तो शर्ट जाऊ देऊ नका. तो कलिन्याला पाठवा, आईला तारीख द्या, आणि काय निघालं ते तिला मराठीत लेखी कळवा.

आपली नम्र,
बदलापूरची एक प्रवासी